बुंधा पश्चिमेला

नीलिमा: नाही काका, लेव्हलचा पाईप सोडू नका. आणखी एकदा. तुम्ही त्या कोपऱ्यात पाणी बघा, मी इथे बघते.

दौलत: चौथी वेळ आहे बाय. पाणी काय दर वेळी नवीन सांगणार नाय.

नीलिमा: धरा तरी. स्थिर झालं?

दौलत: झालं.

नीलिमा: माझ्याकडे पाणी बरोबर ओंडक्याच्या माथ्याला टेकलंय. तुमच्याकडे?

दौलत: माझ्याकडे माथ्याच्या खाली आहे.

नीलिमा: किती खाली?

दौलत: सहा इंच.

नीलिमा: सहा इंच. म्हणजे पंधरा सेंटिमीटर. सात थरांत. काका, हे घर आहे की घसरगुंडी?

दौलत: पाया सरळ आहे. पायात काही खोट नाय.

नीलिमा: पाया सरळ आहे ते मलाही माहितीये. पायावरच तर आपण अख्खा नोव्हेंबर घालवला. वेड्या बाभळी मुळासकट उपटायला तीन आठवडे. मग या वाळवंटी घाफच्या झाडांची मुळं चुकवून खड्डे खणायचे, तेही मशीन न लावता, हाताने. एकतीस घाफ आहेत या वाडीत, एकालाही ओरखडा नाही. म्युनिसिपालिटीचा माणूस हात मिळवून गेला माझ्याशी. मला वाटलं, कठीण भाग संपला, आता काय, लाकडावर लाकूड ठेवायचं. आणि आज गाडीतून उतरल्या उतरल्या बघते तर मागच्या पाण्याच्या टाकीशी भिंत भांडतेय.

दौलत: नजर बाबांची घेतलीत.

नीलिमा: बाबांचं नाव मध्ये आणू नका, प्लीज. बाबा असते तर आत्ता ओरडले असते. मला तुमच्यावर ओरडता येत नाही, तिथेच तर अडतं माझं.

दौलत: ओरडा की. कंपनीच्या मालकीण आहात.

नीलिमा: शाळेतून आले की वर्कशॉपमध्ये बसून तुमच्या डब्यातलं बांगड्याचं तिखलं खायचे मी. त्या माणसावर कसं ओरडायचं ते सांगा, मग ओरडते.

दौलत: डबा कसला, शिजवायचा तो माझा रूमवाला याकूब. मी नुसता पुढे करायचो.

नीलिमा: विषय बदलू नका. सोमवारी दहा वाजता तो एस्टोनियाचा माणूस येणार आहे. लाकूड त्यांचं, गॅरंटी त्यांची. भिंती बघून तो सही करणार, मग पुढचं काम. आणि त्याच्याआधी, आजच, अकरापर्यंत, ज्यांचं घर त्या रशीदा मॅडम येतायत. आता वाजले सव्वादहा.

दौलत: मग मला या कामावरून काढणार का?

नीलिमा: काय?

दौलत: विचारलेलं बरं. काढणार असाल तर आत्ताच सांगा. त्या येण्याआधी हत्यारं भरून गाडीत ठेवतो. त्यांच्यासमोर नको.

नीलिमा: काका, बसा जरा. त्या पाटीवर बसा, सावली आहे. काढायचं-बिढायचं नंतर. आधी हे झालं कसं ते सांगा. तुमचं शटरिंग कधी एक मिलिमीटर हललेलं ऐकलं नाही मी.

दौलत: शटरिंगची फळी दोन्ही टोकांना सारखी असते. हे झाड आहे. बुंध्याला जाड, शेंड्याला बारीक.

नीलिमा: म्हणूनच तर एका थराचा बुंधा इकडे, पुढच्या थराचा तिकडे. फरक तिथल्या तिथे फिटतो. तुम्ही सगळे बुंधे एकाच बाजूला लावलेत.

दौलत: होय.

नीलिमा: का पण?

दौलत: तसेच लावतात.

नीलिमा: कोण लावतात?

दौलत: आम्ही. माझा बाप, त्याचा बाप. खांब उभा करायचा तर बुंधा खाली, शेंडा वर. झाड उभं होतं तसा. आडवं लाकूड घालायचं तर बुंधा पश्चिमेला नायतर दक्षिणेला, शेंडा पूर्वेला नायतर उत्तरेला. सूर्य उगवतो तिकडे झाडाचं डोकं. उलटं लाकूड घातलं तर त्या घरात माणसाला झोप लागत नाय. हे मला कोणी बसवून शिकवलं नाय, बाय. आमच्याकडे पोराला ताट कुठल्या हाताने धरायचं ते जसं कळतं, तसं हे कळतं. क्रेनवरून ओंडका खाली आला की माझा हात आपसूक त्याला तसा फिरवतो.

नीलिमा: म्हणून चारी भिंती नैर्ऋत्येकडे चढत गेल्यात.

दौलत: नैर्ऋत्य उंच असलेली चांगलीच.

नीलिमा: काका.

दौलत: नाय, आपलं सांगितलं. शास्त्रात आहे.

नीलिमा: आणि ओंडक्यांच्या तोंडावर ते लाल बाण रंगवलेत, ते तुम्ही बघितलेच नाहीत?

दौलत: बघितले ना. एक इकडे, एक तिकडे. मला वाटलं कंटेनर भरायचे आहेत ते. कंटेनरमध्ये लांब लाकडं अशीच भरतात, एक सुलटं एक उलटं, जागा वाचते. मी दार उघडलं तेव्हा आत तशीच होती. म्हटलं, माल उतरला, बाणांचं काम खलास.

नीलिमा: हे पटण्यासारखं आहे. हाच ताप आहे. माझ्याही डोक्यात तेच आलं असतं. मग कळलं कधी?

दौलत: तिसऱ्या थराला.

नीलिमा: तिसऱ्या? आज सात आहेत.

दौलत: होय.

नीलिमा: म्हणजे माहीत असून आणखी चार थर चढवलेत?

दौलत: पहिल्यांदा म्हटलं, वरची लाकडं त्यांनी बघून निवडली असतील, पुढे जुळेल. पाचव्याला कळलं की नाय जुळत. सहाव्याला हाताखालचा अर्सलान बोलला, उस्ताद, कोना ऊपर जा रहा है. मी त्याला गप्प बसवला. दोन दिवस क्रेन बिघडली म्हणून कळवलं तुम्हाला, ती क्रेन चांगली आहे. मी नुसता बघत बसलो होतो भिंतीकडे.

नीलिमा: मला एक फोन करायचा होता.

दौलत: फोन केला असता तर थांबवलं असतं तुम्ही. मला थांबायचं नव्हतं.

नीलिमा: का? एवढी कसली घाई?

दौलत: बावीस फेब्रुवारीला जातोय मी. विसरलात?

नीलिमा: विसरले नाही.

दौलत: हिशेब केला होता मी. जानेवारीअखेर भिंती. वीस फेब्रुवारीला छप्पर. एकवीसला हत्यारं पुसायची, बावीसला विमान. एक दिवस शिल्लक नाय त्यात. थांबलो असतो तर छप्पर गेलं हातातून.

नीलिमा: गेलं तर गेलं. अर्सलान करेल, दुसरा कोणी करेल. छप्पर काय पहिल्यांदा बघताय?

दौलत: होय. पहिल्यांदाच.

नीलिमा: म्हणजे?

दौलत: बाय, माझ्या व्हिसावर कारपेंटर लिहिलंय. आखातात आलो त्याला अठ्ठावीस वर्षं झाली, तेच लिहिलंय. पण केलं काय, तर शटरिंग. फळ्या ठोकायच्या, पेटी बांधायची, काँक्रीट ओतलं, सुकलं, की फळ्या काढून घ्यायच्या. जेवढी चांगली पेटी तेवढी अलगद सुटते. शहरात मरीनाला ती पंचेचाळीस मजल्यांची बिल्डिंग आहे ना, तिच्या प्रत्येक मजल्याला माझा हात लागलाय. आज जाऊन बघा, माझा एक खिळा सापडणार नाय.

नीलिमा: पण बिल्डिंग तर उभी आहे तुमच्यामुळेच.

दौलत: ती काँक्रीटवाल्याची. मी लावलेलं लाकूड या देशात कुठेच राहिलेलं नाय. सगळं मीच लावलं, मीच काढलं. गावी घर बांधलं तेही स्लॅबचं. पैसे मी धाडले, बांधलं दुसऱ्यांनी. दरवाजे फायबरचे. सुताराच्या घराला फायबरचे दरवाजे आहेत, बाय. लोक येतात, चहा पितात, कोणी बोलत नाय, पण दिसतं की सगळ्यांना.

नीलिमा: हे कधी बोलला नाहीत.

दौलत: कोणाला बोलणार? याकूबला? तो म्हणायचा, पगार मिळतो ना. मिळायचा की. मग तुम्ही ऑक्टोबरात म्हणालात, काका, अख्खं लाकडाचं घर आहे, अल धैदला, घाफच्या वाडीत, आणि काढायचं नाही, ठेवायचंय. त्या दिवशी डीआयपीच्या कॅम्पातल्या रूमवर जाऊन मी पटाश्यांची पेटी उघडली. नऊ वर्षं उघडली नव्हती. दोन पटाश्यांना गंज होता, तो घासून काढला. बरोबरचे लोक विचारायला लागले, चाचा, शादी है क्या. एवढं बरं वाटलेलं मला आठवत नाय. म्हणून घाई.

नीलिमा: विमान पुढे ढकलता नाही येणार? मी तिकीट बदलून देते. व्हिसाचंही बघते काहीतरी.

दौलत: पंचवीसला बायकोच्या, रुपालीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, कणकवलीला. दोनदा मीच पुढे ढकललंय. एकदा मरीनाच्या कामासाठी, एकदा असंच. तीन वर्षं भिंतीला धरून चालतेय ती. तिसऱ्यांदा सांगायला मला तोंड नाय. ते तिकीट बदलायचं नाय.

नीलिमा: नाही. ते नाही बदलायचं.

दौलत: मग झालं तर. आता बोला, काय करायचं?

नीलिमा: ऐका. येतानाच विचार केला होता मी... नाही, येताना कसा करणार, आत्ता पाईप धरून उभी होते तेव्हा केला. माळ्याच्या तुळया आठव्या थरावर बसतात. बरोबर?

दौलत: बरोबर.

नीलिमा: मग उंच कोपऱ्याकडच्या खाचा खोल घ्यायच्या. जिथे तीन इंच घ्यायची तिथे नऊ. तुळया लेव्हलमध्ये बसतील. वरचे चार थर उलटे लावायचे, बराचसा फरक फिटेल, उरलेला माथ्यावर तासून टाकू. कोपरा कमजोर होईल तिथे खालून लोखंडी पट्टी मारू, वरून फळी. कोणाला काही दिसणार नाही. सोमवारच्या माणसाला मी आठवडाभर पुढे ढकलते. क्रेन बिघडलीये म्हणून सांगते, तुम्हीच शिकवलंत. एकही दिवस वाया जात नाही. वीसला छप्पर पूर्ण. तुमच्या हातचं.

दौलत: ओंडका फुटाचा आहे. नऊ इंच खाच घेतली तर खाली तीन उरतात.

नीलिमा: म्हणून तर पट्टी.

दौलत: आणि सगळे थर उतरवून नव्याने चढवले तर?

नीलिमा: तीन आठवडे जास्त. खाचा पुन्हा काढाव्या लागतील. भिंती पूर्ण होतील वीस फेब्रुवारीला.

दौलत: म्हणजे छपराचा एक वासाही नाय.

नीलिमा: एकही नाही.

दौलत: तुम्हाला कशाला एवढं पडलंय बाय? एस्टोनियावाल्याला कळलं तर तुमची गॅरंटी जाईल. मॅडमना कळलं तर नाव जाईल. माझ्या एका छपरासाठी हे सगळं?

नीलिमा: फक्त तुमच्यासाठी नाही.

दौलत: मग?

नीलिमा: मी वाचलं होतं.

दौलत: काय वाचलं होतं?

नीलिमा: एस्टोनियावाल्यांच्या पुस्तकात. पान अकरा. बुंधा आणि शेंडा एकाआड एक, बाण बघून लावा. करामाच्या ऑफिसात बसून वाचलं, ऑक्टोबरात. पिवळा मार्करसुद्धा मारला त्यावर.

दौलत: तू वाचलं होतंस?

नीलिमा: हो.

दौलत: आणि सांगितलं नाहीस?

नीलिमा: मला वाटलं, दौलतकाकांना लाकडातलं मी काय सांगणार. मी सिव्हिलवाली. बाबा म्हणायचे, दौलतला ड्रॉइंग द्यायचं आणि बाजूला व्हायचं. मी दिलं आणि बाजूला झाले. रोज तुम्ही फोटो पाठवत होतात भिंतीचा, मी रोज अंगठा पाठवत होते. झूम करून एकदासुद्धा बघितला नाही. सात फोटो, सात अंगठे. आहेत मोबाइलमध्ये.

दौलत: सांगायचं होतंस गो.

नीलिमा: तुम्हाला शिकवतेय असं वाटलं असतं.

दौलत: वाटलं असतं तर वाटलं असतं. मी त्या पुस्तकाची पानं उलटून बघितली होती, चित्रं बघितली. खाली काय लिहिलंय ते तुला विचारणार होतो. म्हटलं, अठ्ठावीस वर्षांचा सुतार, पोरीला विचारतोय लाकूड कसं लावायचं. राहिलं. मला विचारायची लाज, तुला सांगायची लाज, आणि मध्ये सात थर चढले.

नीलिमा: सॉरी काका.

दौलत: नको. मीही तेच म्हणायला पाहिजे मग, वेळ जाईल.

नीलिमा: तर मग हो म्हणा. माझ्या चुकीचं एवढं तरी मला फेडू द्या. पट्टी मी स्वतः डिझाइन करते, दुप्पट जाडीची. घर पडणार नाही, काका. मी इंजिनिअर आहे, मी सांगतेय.

दौलत: पडणार नाय, ते मलाही कळतं.

नीलिमा: मग?

दौलत: बघू दे जरा. पाच मिनिटं दे मला.

नीलिमा: पाच मिनिटं नाहीत. ती बघा गाडी वळली. काका, त्यांच्याशी मी बोलते. तुम्ही फक्त मान हलवा.

(पांढरी गाडी घाफच्या सावलीत थांबते. रशीदा, सत्तरीच्या, निवृत्त मुख्याध्यापिका आणि या वाडीच्या मालकीण, हातात गहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास घेऊन उतरतात.)

रशीदा: सलाम दौलत. सलाम बेटी. पहले गहवा, फिर काम. खजूर भी है, अपने पेड का.

दौलत: सलाम मॅडम. तब्येत?

रशीदा: अल्हमदुलिल्ला. मेरे वालिद यहीं बैठते थे, इसी पेड के नीचे. व्यापार करके बंबई से आते थे तो सीधा इधर, घर बाद में. क्रेन क्यों बंद है?

नीलिमा: मॅडम, छोटासा टेक्निकल इश्यू है. लकडी का साइज थोडा ऊपर-नीचे आया है, तो हम लोग सोच रहे हैं कि—

दौलत: लकडी अच्छी है, मॅडम.

नीलिमा: काका.

दौलत: लकडी एकदम अच्छी है. दीवार टेढी है. मैंने टेढी लगाई.

रशीदा: टेढी? कितनी?

दौलत: छे इंच. वो कोना ऊपर है.

रशीदा: मुझे तो सीधी दिखती है.

दौलत: आज नहीं दिखेगी. माला बनने के बाद भी नहीं दिखेगी, हम छुपा सकते हैं. बाहर से फळी, अंदर लोहा. दस-पंधरा साल में लकडी सूखेगी, वो कोना फटेगा, तब दिखेगी.

रशीदा: पंद्रह साल बाद मैं कहाँ रहूँगी, दौलत.

दौलत: घर तो रहेगा.

नीलिमा: मॅडम, गलती इनकी नहीं, मेरी है. किताब में साफ लिखा था. मैंने पढा और इनको बताया नहीं.

दौलत: तीसरे थर पर मुझे समझ गया था. मैंने काम नहीं रोका. इसमें इनकी क्या गलती.

रशीदा: चालीस साल स्कूल में निकाले मैंने. काँच टूटता था तो पूरी क्लास बोलती थी, मैंने नहीं किया. यहाँ दो लोग झगड रहे हैं कि मैंने किया. अच्छा. अब करना क्या है?

दौलत: उतारके फिर से लगाना है. पहले थर से.

रशीदा: कितने दिन?

नीलिमा: तीन हफ्ते ज्यादा. उसका खर्चा हमारा.

रशीदा: तीन हफ्ते कुछ नहीं. मैं छे साल से सोच रही हूँ इस घर का. छत कब होगी?

नीलिमा: मार्च के एंड तक. लेकिन छत दौलतकाका नहीं बनाएँगे. बाईस फरवरी को ये जा रहे हैं.

रशीदा: छुट्टी पर?

दौलत: नहीं मॅडम. खलास. पक्का घर.

रशीदा: और अगर छुपा देते, तो?

नीलिमा: तो छत भी इन्हीं के हाथ की होती.

रशीदा: गहवा ठंडा हो रहा है, दौलत. पियो.

दौलत: एक बात और है. अब आधी लकडी उलटी लगेगी. पेड का पैर सूरज की तरफ. हमारे में बोलते हैं, ऐसे घर में नींद नहीं आती. आपका घर है, आपको बोलना मेरा काम है.

रशीदा: नींद मुझे ऐसे भी नहीं आती. शौहर के जाने के बाद से नहीं आती. यहाँ जागूँगी तो कम से कम पेड देखूँगी. तुम सीधा लगाओ. इन्शाल्ला सब ठीक. मैं बकरियों को देखके आती हूँ, तब तक वो क्रेन चालू करो.

नीलिमा: गेल्या. काका, मी सगळं जमवलं होतं. नुसती मान हलवायची होती.

दौलत: हलवणार होतो. खरंच हलवणार होतो. पण त्या म्हणाल्या, वडील इथे बसायचे. मग नाय हलली.

नीलिमा: वाईट वाटतंय?

दौलत: वाटणार नाय? छपराचे वासे मनात कितीदा चढवले असतील मी. कुठला ओंडका कणा करायचा तेसुद्धा निवडून ठेवलाय, तो वेगळा काढलाय बघा, ताडपत्री घालून. कोणाला हात लावू दिला नाय.

नीलिमा: तो अर्सलानला दाखवून ठेवा.

दौलत: दाखवतो. त्याचा हात चांगला आहे. घाई करतो जरा, पण ते आता मी कुठल्या तोंडाने बोलणार.

नीलिमा: मी उद्यापासून इथेच असेन. ऑफिसला सांगते, आठवडाभर करामाला येणार नाही. प्रत्येक ओंडका वर चढताना बाण मी वाचणार, तुम्ही बसवणार. आणि सोमवारच्या माणसाला जे आहे ते सांगू. सही पुढच्या वेळी देईल.

दौलत: तुम्ही नुसत्या उभ्या राहू नका मग. बाण पोरंसुद्धा वाचतील. पटाशी कशी धरायची ते शिका.

नीलिमा: मी? या वयात?

दौलत: चौतीस वय झालं होय? मी साठाव्या वर्षी बाण शिकतोय.

नीलिमा: बरं. शिकवा. पण उलटं लाकूड बसवताना तुमचा हात वळेल ना? आपसूक फिरवतो म्हणालात.

दौलत: जड जाईल. मघापासून तोच विचार करतोय. ही झाडं तिकडची, उत्तरेची. तिथे म्हणे हिवाळ्यात सूर्य जेमतेम डोकं वर काढतो. त्यांना पूर्व कुठली ते तरी कुठे माहीत असणार.

नीलिमा: हे शास्त्रात आहे?

दौलत: नाय. हे मी आत्ता केलं. अर्सलान, क्रेन चालू कर. ऊपरवाला पहले. पट्टा दोनों तरफ से, झटका नहीं देने का.

नीलिमा: काका, एक विचारू? घरी काकूंना काय सांगाल? घर पूर्ण केलं म्हणून?

दौलत: खोटं कशाला सांगू. छप्पर दुसऱ्याने केलं म्हणेन.

नीलिमा: आणि तुम्ही?

दौलत: भिंती केल्या. विचारलं तर सांगेन, अजून तिथेच आहेत.